मेघांचे जागले : वादळ व गारपीट ओळखून कळविण्याचें शिक्षण

पीक हातातोंडाशीं आलें म्हणजे आपण रानांत जागल्या ठेवतों. माळ्यावर बसून तो रात्र काढतो आणि डुकरांची चाहूल लागतांच हाळी देतो. एकटा जागल्या डुकरांचा कळप अडवूं शकतो असें नाहीं; परंतु त्याच्या हाळीनें माणसें उठतात, आणि जें वांचण्यासारखें असतें तें वांचतें. आकाशांतून येणाऱ्या संकटासाठींहि असाच जागल्या असावा, ही कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या शतकांत चांगली रुजली असून आज तेथें साडेतीन ते चार लाख शिकविलेले स्त्रीपुरुष हें काम विनावेतन करीत आहेत. त्यांत शेतकरी आहेत, शाळामास्तर आहेत, आगीचे बंब चालविणारे आहेत, आणि घरीं हौसेखातर बिनतारी यंत्र बाळगणारेहि पुष्कळ आहेत. त्यांस काय शिकवितात, तीं माणसें पाहतात काय आणि कळवितात कसें, हें आमच्या सभासदांपुढें मांडण्याचें या लेखांत योजिलें आहे.

परदेशची ही हकीकत आपणांस कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर २०१४ सालच्या फेब्रुवारीअखेरच्या व मार्चांतील गारपिटीचें आहे. मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र या भागांत गहू, हरभरा, ज्वारी झोडपून निघाली, द्राक्षांचे व डाळिंबांचे बाग उभे फाटले, गुरेंढोरें व पांखरें मेलीं. प्रस्तुत लेखकाचा हरभराहि त्यांत गेला. पण हरभऱ्यापेक्षां अधिक लक्षांत राहिलें तें निराळेंच. पुढें कांहीं दिवसांनीं चौकशीस आलेल्या कामगारानें पारावर विचारलें कीं, गारा केव्हां पडल्या, किती वेळ पडल्या आणि केवढ्या होत्या. तेथें आम्ही वीसएक जाणतीं माणसें होतों. एकानें तिसरा प्रहर सांगितला, दुसऱ्यानें दिवेलागण. एकाच्या मतें गार आवळ्याएवढी, तर शेजाऱ्याच्या मतें नारळाएवढी. यांत लबाडी कोणाचीच नव्हती. ज्याचें पीक डोळ्यांदेखत जातें त्याला गार मोठीच दिसावयाची. आमच्यांत उणीव होती ती पाहण्याच्या शिक्षणाची, आणि हेंच शिक्षण अमेरिकेंत दोन तासांच्या एका वर्गांत फुकट देतात.

त्या देशाच्या मधल्या सपाट मुलखांत वसंतऋतूंत जी चक्री वादळें होतात त्यांस टोर्नेडो म्हणतात. समुद्रावरून येणारें चक्रीवादळ शेंकडों मैल पसरलेलें असतें व दिवस दिवस टिकतें. टोर्नेडो मेघाच्या पोटांतून सोंडेसारखा उतरून जमिनीस टेंकतो, बहुधा कांहीं मिनिटांतच विरतो, परंतु तेवढ्यांत वाटेंतील घर पायापासून उचलतो. आपल्या उपखंडांत हें संकट अगदींच अनोळखी आहे असें कोणी समजूं नये. २६ एप्रिल १९८९ रोजीं बांगला देशांतील माणिकगंज भागांत झालेल्या टोर्नेडोंत सुमारें तेराशें माणसें मेलीं, आणि जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींत मनुष्यहानीच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोठा गणला आहे. त्याच नोंदींत गारपिटीचा विक्रम हिंदुस्थानचा आहे : ३० एप्रिल १८८८ रोजीं मुरादाबादेजवळ गारांनीं २४६ माणसें मारलीं.

अमेरिकेंत या वादळांच्या वार्ता पद्धतशीर गोळा करण्याचा उद्योग सैन्याच्या सिग्नल खात्यांतील जॉन फिन्ली या गृहस्थानें १८८० नंतरच्या दशकांत आरंभिला. त्यानें ठिकठिकाणीं शेंकडों स्वयंसेवक वार्ताहर जमविले, आणि त्यांच्या पत्रांवरून टोर्नेडो कोणत्या हवेंत होतो याचे आडाखे बसविले. १८८४ सालीं त्यानें अंदाजांचा एक प्रयोग केला, त्याची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. एकंदर २,८०३ अंदाजांपैकीं १०० वेळां त्यानें "टोर्नेडो होईल" म्हटलें. त्यांतील २८ खरे ठरले व ७२ खोटे. २३ वेळां तो न सांगतां आला. उरलेल्या २,६८० वेळां "होणार नाहीं" म्हटलें व झाला नाहीं. हे सर्व मिळवून आपले अंदाज शेंकडा ९६ हून अधिक खरे निघाले असें फिन्लीनें प्रसिद्ध केलें. त्यावर गिल्बर्ट नांवाच्या भूशास्त्रज्ञानें त्याच वर्षीं दाखवून दिलें कीं, डोळे मिटून रोज "होणार नाहीं" असेंच म्हणत बसलें असतें तर शेंकडा ९८ अंदाज खरे ठरले असते! वर्तविणाऱ्याची परीक्षा कशी करावी याचा हा धडा आजहि शास्त्रज्ञांस शिकवितात. जो ज्योतिषी "यंदा पाऊस पडेल" एवढेंच सांगतो त्याची परीक्षा करतांनाहि तो आपल्या उपयोगी पडेल.

त्यानंतर मात्र विचित्र प्रकार झाला. लोक घाबरतील या भीतीनें तेथील सरकारी हवामान खात्यानें आपल्या अंदाजांत टोर्नेडो हा शब्दच वापरावयाचा नाहीं असें ठरविलें, आणि तो निर्बंध १९३८ पर्यंत चालला. दुसऱ्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांवर वीज किंवा वादळ येऊन अनर्थ होऊं नये म्हणून त्यांच्या भोंवतीं पाहणारांचीं कडीं उभारलीं गेलीं. १९४५ पर्यंत अशीं दोनशेंवर जाळीं झालीं होतीं. युद्ध संपलें तरी तीं मोडलीं नाहींत, हें शहाणपण झालें. २० मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमा संस्थानांतील टिंकर येथील वायुदलाच्या तळावर टोर्नेडोनें विमानांचा चुराडा केला. पांच दिवसांनीं, २५ मार्चला, हवेची ठेवण पुन्हां तशीच झालेली पाहून फॉबुश व मिलर या दोन अधिकाऱ्यांनीं तळास इशारा दिला, आणि त्याच संध्याकाळीं त्याच तळावर दुसरा टोर्नेडो आला. वर्तविणें अशक्य नाहीं, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

तरी वर्तविणें निराळें आणि तें दारांतल्या माणसाच्या कानीं जाणें निराळें. ११ मे १९५३ रोजीं टेक्सासांतील वेको शहरांत ११४ माणसें मेलीं. ११ एप्रिल १९६५ रोजीं, ख्रिस्ती लोकांच्या पाम संडे सणाच्या दिवशीं, मध्यपश्चिमेंतील सहा संस्थानांवर एकामागून एक टोर्नेडो कोसळून अडीचशेंहून अधिक माणसें दगावलीं. चौकशींत निघालें कीं, इशारे दिले गेले होते, पण पुष्कळांपर्यंत ते पोंचलेच नाहींत. या अनर्थानंतर देशभरच्या विस्कळित पाहणारांस एका नांवाखालीं व एका शिस्तींत आणलें गेलें. त्या योजनेचें नांव स्कायवॉर्न, म्हणजे आकाशाचा इशारा. ३ व ४ एप्रिल १९७४ रोजीं तेरा संस्थानांत मिळून १४८ टोर्नेडो झाले व तीनशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर तर अशा पाहणारांची गरज कोणास पटवून देण्याचें कारणच उरलें नाहीं.

आतां रडार आहे, आकाशांतून फिरणारे उपग्रह आहेत, मग माणसाच्या डोळ्याचें काय काम उरलें? हा प्रश्न अगदीं रास्त आहे, आणि त्याचें उत्तर पृथ्वीच्या गोलाईंत आहे. रडारचा किरण जमिनीस चिकटून धांवत नाहीं. तो किंचित् वर तोंड करून सरळ जातो, आणि खालची जमीन गोलाईनें खालीं खालीं जाते. शंभर किलोमीटरांवर हा किरण जमिनीपासून सुमारें दीड किलोमीटर वर असतो, आणि दोनशें किलोमीटरांवर सुमारें चार. त्याच्या खालीं काय चाललें आहे तें रडारास दिसत नाहीं. मेघाच्या वरच्या मजल्यावर गारा आहेत हें यंत्र सांगूं शकेल. पण त्या खालीं येईपर्यंत विरघळल्या कीं द्राक्षाच्या घडावर आदळल्या, हें त्या मळ्यांत उभा असलेला माणूसच सांगूं शकतो. म्हणून तेथील हवामानकचेऱ्यांत असें समजतात कीं, रडार व जमिनीवरचा साक्षीदार हे गाडीचे दोन बैल आहेत. एकटा बैल गाडी ओढूं लागला तर ती कोणीकडे वळेल याचा नेम नाहीं.

दोन तासांच्या वर्गांतील मुख्य विषय म्हणजे मेघ वाचणें. तो थोडा विस्तारानें सांगतों, कारण हें ज्ञान आपल्या वळवाच्या पावसासहि लागू आहे. गडगडाटी मेघ म्हणजे पाण्यानें भरलेली पखाल नव्हे. तें हवेचें एक चालतें यंत्र आहे. जमिनीलगतची उष्ण व ओलसर हवा झोतानें वर चढते, वर गार होते, तिच्यांतील वाफेचें पाणी होतें, व त्या क्रियेंत बाहेर पडलेल्या उष्णतेनें झोत आणखी जोर धरतो. मेघाचा माथा फार उंचीवर जाऊन पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा त्याचा आकार दिसतो. ऐरणीच्या माथ्यावर घुमटासारखा एक गोळा वर निघालेला असेल व तो बराच वेळ टिकला, तर आंतील झोत अतिशय बळकट आहे असें समजावें. गारा होतात त्या याच झोतामुळें. शून्य अंशाखालीं उतरूनहि न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर थिजून बसतात, झोत त्यांस खालीं पडूं देत नाहीं, आणि थरावर थर चढतात. एक इंच व्यासाची गार तोलून धरावयास वर जाणारा वारा ताशी सुमारें ८० किलोमीटरांचा लागतो, असा हिशेब आहे. झोत तोलूं शकत नाहीं इतकी ती जड झाली म्हणजे पडते. यावरून लक्षांत येईल कीं, गारेचा आकार ही मेघाच्या बळाची मोजपट्टीच होय, आणि म्हणूनच कचेरींतील मनुष्य पहिला प्रश्न गारेच्या मापाचा करितो.

पाऊस व गारा घेऊन खालीं येणारी गार हवा हा यंत्राचा दुसरा भाग. ती जमिनीवर आपटून चहूंकडे पसरते. पाऊस येण्यापूर्वीं जो थंडगार सोसाटा आपल्या अंगावर येतो तो हाच. ज्या मेघांत वर जाणारा झोत व खालीं येणारा झोत एकमेकांस अडवितात तो मेघ अर्ध्यापाऊण तासांत आपोआप मरतो, आणि आपले बहुतेक वळीव याच जातीचे असतात. परंतु वरच्या व खालच्या थरांतील वारे निराळ्या दिशांचे व निराळ्या वेगांचे असले म्हणजे हे दोन झोत वेगळे राहतात, सबंध मेघ हळूहळू फिरूं लागतो, आणि तो कांहीं तास जगतो. मोठ्या गारा व मोठे टोर्नेडो बहुशः अशा फिरत्या मेघांतूनच येतात.

अमेरिकेंत असे मेघ बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात. पाहणारानें मेघाच्या आग्नेयेस उभें राहून वायव्येकडे तोंड करावें, म्हणजे पाऊस नसलेला, काळा व सपाट असा मेघाचा तळ दिसतो, असें तेथें शिकवितात. या तळापासून भिंतीसारखा एक तुकडा खालीं लोंबूं लागला तर त्याजवर दृष्टि ठेवावी. १९५७ च्या जून महिन्यांत फार्गो शहरीं झालेल्या टोर्नेडोचीं छायाचित्रें जमवून टेट्सुया फुजिता या जपानी जन्माच्या शास्त्रज्ञानें या ढगाचा अभ्यास केला, आणि भिंत-ढग हें नांव त्यानेंच दिलें. लोंबता तुकडा दहापंधरा मिनिटें टिकतो काय, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःभोंवतीं फिरतो काय, हे दोन प्रश्न पाहणारानें स्वतःस विचारावयाचे असतात. फिरत असेल तर तात्काळ कळवावें. त्यांतून सोंड निघाली व ती अधांतरीं असली तरी तिच्याखालीं जमिनीवर धूळ व पाचोळा गरगरतो आहे काय तें पाहावें. तसें असेल तर सोंड डोळ्यांस टेंकलेली दिसली नाहीं तरी वारा टेंकलेला आहे.

खरें शिक्षण याच्या पुढें आहे, कारण भिणाऱ्या डोळ्यास प्रत्येक लोंबता ढग सोंडच वाटते. पावसानें गार झालेल्या ओल्या हवेंत मेघाखालीं फाटक्या चिंध्यांसारखे तुकडे तरंगतात. ते वर चढतात, आकार बदलतात, पण फिरत नाहींत. खोट्या वार्तांपैकीं पुष्कळ या चिंध्यांच्याच असतात. दूरवरच्या पावसाची धार वाऱ्यानें तिरपी झाली कीं सोंडेसारखी दिसते. मेघाच्या पुढच्या कडेस फळीसारखा लांबच लांब दबलेला ढग येतो, तो दिसावयास भयंकर, पण त्याच्यामागून येतो तो बहुधा सरळ सोसाट्याचा वारा. ऐरणीच्या खालच्या अंगास गाईच्या आंचळांसारखे गोळे लोंबतात, त्यांचा व टोर्नेडोचा तर कांहींच संबंध नाहीं. आकाश हिरवट झालें म्हणजे गारा ठरलेल्या, अशी तिकडच्या शेतकऱ्यांत समजूत आहे. तिचाहि भरंवसा धरूं नये असेंच वर्गांत सांगतात.

वार्ता देण्याची रीत अगदीं साधी आहे. कोण बोलतो, कोठून बोलतो, काय पाहिलें, केव्हां पाहिलें, आणि तें कोणत्या दिशेस जात आहे. एवढ्यांत एक नाजूक गोष्ट आहे, ती अशी कीं, मी उभा आहें ती जागा आणि मीं पाहिलेली वस्तु आहे ती जागा या दोन निराळ्या आहेत. "अमक्या गांवीं सोंड" असें सांगितलें तर कचेरींतला माणूस सोंड त्या गांवींच समजतो. ती तेथून दोन कोस वायव्येस असेल तर भलत्याच लोकांस सावध केलें जातें. वेळेचेंहि तसेंच. वार्ता पोंचविण्याची वेळ सांगूं नये, घडल्याची सांगावी. आपण मोजलें कीं अंदाजानें सांगतों, आपण पाहिलें कीं दुसऱ्यानें सांगितलेलें ऐकलें, हेंहि स्पष्ट सांगावयाचें असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे इशारा देण्याचा अधिकार पाहणारास नाहीं. तो साक्षीदार आहे. पुरावा तोलून इशारा देण्याचें काम कचेरींतील जाणत्या माणसाचें.

तिकडे एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, व्यासाची गार किंवा ताशी ५८ मैल, म्हणजे सुमारें ९३ किलोमीटर, वेगाचा वारा झाला म्हणजे गडगडाटी वादळ तीव्र मानतात. गारेचें माप २०१० सालापूर्वीं पाऊण इंच होतें. माप सांगण्यास ठराविक आकाराच्या वस्तूंचीं नांवें घेतात : पाव डॉलरचें नाणें म्हणजे एक इंच, गॉल्फचा चेंडू म्हणजे पावणेदोन इंच. गोटीएवढी गार मात्र सांगूं नये असें बजावतात, कारण गोट्या लहानमोठ्या असतात. आपल्या बोलण्यांतील बोर, आवळा, सुपारी, लिंबू यांस हाच आक्षेप आहे. माझ्या बांधावरचें बोर व बाजारांतलें बोर यांत दुपटीचें अंतर असतें. सोईचा उपाय खिशांतच आहे. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित् मोठा. गार नाण्यास झांकते काय, एवढें पाहिलें तरी भांडण मिटलें. गार वांकडीतिकडी असते, तेव्हां तिचें सर्वांत लांब अंग मोजावें, आणि सर्वांत मोठी गार सांगतांना बहुतेक गारा केवढ्या होत्या तेंहि सांगावें.

वाऱ्याचा वेग डोळ्यांनीं ओळखतांना माणूस जवळजवळ नेहमीं वाढवून सांगतो. यास्तव वेगाचा आंकडा सांगण्यापेक्षां नुकसान सांगावें. डहाळ्या मोडूं लागल्या तर वारा ताशी सुमारें ६२ ते ७४ किलोमीटरांचा, कौलें उडूं लागलीं तर ७५ ते ८८, आणि झाडें मुळांसकट उपटलीं तर ८९ ते १०२ किंवा अधिक, असें आरमारी अधिकारी ब्यूफर्ट यानें १८०५ सालीं आरंभिलेल्या व पुढें वाढविलेल्या कोष्टकावरून समजतें. परंतु पोखरलेलें झाड थोड्या वाऱ्यानेंहि पडतें. म्हणून पडलेलें झाड निरोगी होतें कीं किडकें, आणि त्याचा बुंधा केवढा, ही माहिती दिली पाहिजे.

वर्गाचा आरंभ व शेवट मात्र एकाच विषयानें होतो, तो म्हणजे स्वतःचा जीव. पळून जाण्याचा रस्ता मोकळा ठेवल्यावांचून कोठेंहि उभें राहूं नये. ३१ मे २०१३ रोजीं ओक्लाहोमांतील एल रीनो गांवाजवळ जो टोर्नेडो झाला त्याची रुंदी २.६ मैल होती, म्हणजे चार किलोमीटरांहून अधिक. त्यानें दिशा बदलली व वेग वाढविला. वादळांचा अभ्यास करण्यांत जन्म घालविलेले टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघेहि त्यांत मेले. समारास हे सावधपणाबद्दल नांवाजलेले होते. आपल्याकडे पाहणारास खरा धोका विजेचा. या देशांत अलीकडील वर्षांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें विजेनें मरतात, व त्यांतील फार मोठा भाग शेतांत काम करणारांचा असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर. तीसपर्यंत मोजण्यापूर्वींच आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती आपल्यावर पडूं शकते. पक्क्या घरांत जावें, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर निघूं नये. झाडाखालीं उभें राहून मेघाची नोंद करणारा मनुष्य शूर नव्हे.

इशारे खोटे ठरतात त्याचें काय? अमेरिकेंत टोर्नेडोचे जेवढे इशारे निघतात त्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक फुकट जातात, हें तेथील खातेंच कबूल करितें. फुकट इशाऱ्याची किंमत २२ मे २०११ रोजीं जॉप्लिन शहरीं दिसली. भोंगे वाजले होते. पण भोंगे नेहमींच वाजतात म्हणून पुष्कळ लोकांनीं बाहेर डोकावून पाहिलें, दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेण्यांत वेळ घालविला, आणि त्या दिवशीं दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. "मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें" असें सांगणाऱ्या पाहणाराचा शब्द इशाऱ्यांत आला म्हणजे लोक लौकर उठतात, असा अनुभव आहे. हाच पाहणाराचा खरा उपयोग. आणि एका घाबरट वार्तेनें तो कसा बुडतो, तेंहि यावरूनच समजावें.

स्कायवॉर्नहून शांत, पण आमच्या मतें शेतकऱ्यास अधिक मानवण्यासारखा एक उद्योग कोलोरॅडो संस्थानांत निघाला. २८ जुलै १९९७ रोजीं फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका अंगास दहा इंचांहून अधिक पाऊस होऊन पूर आला व पांच माणसें मेलीं; दुसऱ्या अंगास दोन इंचहि पाऊस नव्हता. एका शहरांत एवढा फरक असेल तर एका मापकावर भरंवसा कसा ठेवावा? हा विचार करून नोलन डोस्केन या हवामानशास्त्रज्ञानें १९९८ पासून घरोघरच्या लोकांकरवीं पाऊस मोजविण्यास आरंभ केला. चार इंच व्यासाचें साधें पर्जन्यमापक, आणि गारांसाठीं एक फूट लांबरुंद थर्मोकोलचा तुकडा ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांत गुंडाळून उघड्यावर ठेवलेला. गारा पडल्या कीं त्यावर खळगे उमटतात, आणि गारांची संख्या व आकार कायमचे लिहिले जातात. जेथें पाऊस पडला नाहीं तेथील सभासदानेंहि शून्य लिहून पाठवावें, असा त्यांचा आग्रह आहे. न आलेल्या कागदावरून पाऊस नव्हता कीं मनुष्य झोंपला होता हें कळत नाहीं, शून्यावरून कळतें.

आमच्या संस्थेनें असें कांहीं करावें काय, हा प्रश्न बैठकींत निघण्यासारखा आहे, म्हणून आपलें मत येथेंच नमूद करितों. टोर्नेडो पाहण्याची विद्या आपणांस फारशी लागणार नाहीं. गारा, वीज, सोसाटा व एकाएकीं येणारा ओढ्याचा पूर या चार गोष्टी मात्र आपल्या दाराशीं आहेत. राज्यांत महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं आहेत, तीं पाऊस, उष्णता, आर्द्रता व वारा मोजतात. गार तीं मोजीत नाहींत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें दामिनी नांवाचें मोबाईलवरील साधन विजेची पूर्वसूचना देतें. तें सालदारांच्या हातीं असलेल्या फोनांतहि घालून द्यावें, कारण झाडाखालीं उभे राहतात ते तेच. वार्ता घेणारा जागा नसेल तर वार्ता देणारांचें जाळें व्यर्थ आहे. अमेरिकेंत हें जाळें टिकलें याचें कारण तेथील १२२ हवामानकचेऱ्यांत रात्रंदिवस कोणीतरी ऐकावयास बसलेला असतो. तेव्हां वार्ता कोणी घ्यावी व पुढें कोठें द्यावी, तें संस्थेनें हवामान खात्याशीं व तालुक्याच्या आपत्तिव्यवस्थेशीं आधीं ठरवावें. सभासदांस शिकविणें त्यामागून. उलट क्रम धरला तर पहिल्या मोसमांतच माणसें कंटाळतील.

वही मात्र आजपासून ठेवतां येते, तीस कोणाची परवानगी नको. पर्जन्यमापक झाडाच्या व घराच्या उंचीपेक्षां दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागीं, पातळींत बसवावें व रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचावें; आपल्या हवामान खात्याची वेळ हीच आहे. गारांचा फलक गोठ्याच्या छपराखालीं येणार नाहीं असा, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर ठेवावा. उत्तर दिशा एकदां नक्की करून अंगणांत खूण करावी, म्हणजे घाईंत दिशा चुकत नाहीं. नोंद कशी असावी याचा एक नमुना देतों :

"१२ मार्च. गारा दुपारीं ४ वाजून १० मिनिटांनीं सुरू, ४ वाजून १८ मिनिटांनीं बंद. मी घरीं, गांवठाणाच्या पूर्वेस अर्ध्या किलोमीटरावर. मेघ पश्चिमेकडून आला, ईशान्येस गेला. सर्वांत मोठी गार मोजली, ३१ मिलिमीटर. बहुतेक हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. आधीं पांच मिनिटें सोसाटा, बाभळीच्या डहाळ्या मोडल्या, वेग मोजला नाहीं. पाऊस ९ मिलिमीटर. ओढ्यापलीकडील वस्तीवर गारा नाहींत, हें शेजाऱ्याकडून ऐकलें, स्वतः पाहिलें नाहीं."